रेडॉन वायू आणि आपली जबाबदारी

(शिक्षक, ग्रामपंचायतींचे सदस्य, शासकीय कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सार्वजनिक आरोग्यावरील व्याख्यानांत बहुधा हिवताप, क्षय, पिण्याचे पाणी, माता-बालकांचे पोषण असे विषय येतात, आणि ते यावयासच हवेत. आज मात्र मी अशा एका वायूविषयी बोलणार आहे की, ज्याचे नावही आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले नसेल. त्याचे नाव रेडॉन. तो दिसत नाही. त्याला वास नाही, चव नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही की घशाला खवखव आणीत नाही. तो जमिनीतून निघतो, बंद घरात साचतो, आणि वर्षानुवर्षे श्वासावाटे आत जात राहिल्यास फुप्फुसाच्या कर्करोगास कारण होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार निरनिराळ्या देशांत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या शेकडा ३ ते १४ रुग्णांच्या बाबतीत रेडॉन हे कारण असते.

हा विषय गोव्यात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, आपल्या पुष्कळ घरांतील मुले-मुली आज इंग्लंड, आयर्लंड, अमेरिका अशा देशांत स्थायिक झाली आहेत, आणि तेथे घर घेताना रेडॉनची चौकशी ही नित्याची बाब आहे. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. रोगाचे कारण शास्त्रज्ञांस कळणे ही एक गोष्ट, आणि ज्याला तो रोग भोगावा लागतो त्याच्या कानी ते पोचणे ही अगदी दुसरी गोष्ट. या दोहोंच्या मध्ये किती माणसे बळी पडतात, हे रेडॉनच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल. आपण सर्वजण या ना त्या प्रकारे माहिती बाळगणारी आणि माहिती पोचविणारी माणसे आहोत. म्हणून हा इतिहास आपल्या उपयोगाचा आहे.

रेडॉन म्हणजे काय?

पृथ्वीच्या खडकांत व मातीत सर्वत्र अल्प प्रमाणात युरेनियम असते. त्याचे अणू स्थिर नसतात. ते अत्यंत संथपणे फुटत जातात, आणि अनेक पायऱ्यांनंतर त्यांपासून रेडियम तयार होते. रेडियमचा अणू फुटला म्हणजे रेडॉन जन्मास येतो. या वंशावळीतील बाकी सारी मूलद्रव्ये घनरूप असल्यामुळे खडकात जेथल्या तेथे राहतात. रेडॉन मात्र वायू असल्याने मातीच्या फटींतून वर येतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३.८ दिवसांचे, म्हणजे आज जेवढा रेडॉन आहे त्यातील निम्मा चार दिवसांच्या आत फुटून जातो. परंतु तेवढा अवधी त्याला जमिनीखालून घरात शिरण्यास पुरेसा होतो.

उघड्यावर तो वाऱ्याबरोबर विरून जातो. घराची गोष्ट वेगळी. घरातील हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असली की ती वर चढते व छपराच्या बाजूने निघून जाते. तिची जागा भरून काढण्यासाठी जमिनीतील हवा फरशीच्या भेगांतून आणि नळांभोवतीच्या फटींतून आत ओढली जाते. थंड देशांत हिवाळाभर दारे-खिडक्या बंद आणि आत उष्णता, अशी स्थिती असते. त्यामुळे तेथील घर हे जणू जमिनीतील हवा शोषून घेणारे यंत्रच बनते.

शिक्षक मंडळींसाठी एक खुलासा करतो. फुप्फुसास खरी इजा रेडॉन स्वतः फारशी करीत नाही. श्वासाबरोबर आत गेलेला बहुतेक रेडॉन उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. इजा करते ती त्याची संतती. रेडॉनचा अणू फुटला की त्यापासून पोलोनियम, शिसे, बिस्मथ यांचे अल्पजीवी अणू तयार होतात. हे घन कण धुळीला व धुराला चिकटतात, श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात आणि काही मिनिटांतच तेथे फुटू लागतात. त्यांतून जे अल्फा कण बाहेर पडतात त्यांचा पल्ला अगदी आखूड असतो; साधा कागदही त्यांना अडवितो, आपल्या त्वचेचा मृत थर तर सहज अडवितो. श्वासनलिकेच्या आत मात्र असा संरक्षक थर नाही. तेथे त्यांचा सारा आघात जिवंत पेशींवर होतो, आणि पेशीतील आनुवंशिक द्रव्य दुखावले गेले की पुढे कित्येक वर्षांनी त्यातून कर्करोग उद्भवू शकतो.

रेडॉन मोजण्याचे एकक म्हणजे बेकरेल. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी एक मीटर अशी पेटी कल्पावी. तिच्यातील हवेत दर सेकंदास रेडॉनचे शंभर अणू फुटत असतील, तर त्या हवेत दर घनमीटरला १०० बेकरेल रेडॉन आहे असे म्हणावयाचे. जगातील घरांची सरासरी सुमारे ४० बेकरेल आहे.

चार शतकांचा रोग

जर्मनीतील सॅक्सनी आणि तिला लागून असलेला बोहेमिया यांच्या सीमेवरील डोंगरांत श्नेबर्ग व योआखिमस्थाल ही खाणींची जुनी गावे आहेत. पंधराव्या-सोळाव्या शतकांपासून तेथे चांदी काढली जात असे. तेथील खाणकामगार तरुणपणीच छातीच्या रोगाने मरत. या भागात वैद्यकी केलेला जॉर्जियस अॅग्रिकोला याचा खाणशास्त्रावरील ग्रंथ १५५६ मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसे झिजविणाऱ्या या व्याधीचे वर्णन त्यात आहे, आणि कार्पेथियन डोंगरांतील खाणींच्या प्रदेशात एकेका स्त्रीला सात-सात नवरे करावे लागले, कारण सर्वांना हाच अकाली मृत्यू आला, अशी नोंदही त्याने करून ठेवली आहे. खाणीत हवा खेळती ठेवण्यासाठी भाते व पंखे कसे बसवावेत, हेही त्याने लिहिले आहे. म्हणजे रोग ठाऊक होता, आणि हवा खेळती असावी हेही ठाऊक होते.

१८७९ मध्ये हार्टिंग व हेसे या दोघा वैद्यांनी श्नेबर्गच्या मृत कामगारांची तपासणी करून हा रोग म्हणजे फुप्फुसात होणारी दुष्ट गाठ होय, असे दाखविले. १८९८ मध्ये मारी व पिएर क्युरी यांनी योआखिमस्थालच्याच खनिजातून रेडियम शोधून काढले. १९०० मध्ये फ्रीड्रिख डोर्न यांना रेडियमपासून निघणारा वायू आढळला, तोच रेडॉन. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्या खाणींच्या हवेत हा वायू विपुल असल्याचे मोजमापांवरून दिसून आले, आणि १९२० नंतर रोगाचा व वायूचा संबंध वैद्यकीय लेखनात मांडला जाऊ लागला. १९५१ मध्ये विल्यम बेल यांनी खरा आघात रेडॉनच्या अल्पजीवी संततीचा असतो, हे लक्षात आणून दिले. एवढे सारे ज्ञान हाती असताना पुढे काय झाले, ते आता सांगतो.

नव्हाहो खाणकामगारांची कथा

दुसऱ्या महायुद्धानंतर अणुबाँबसाठी युरेनियमची मागणी एकाएकी वाढली. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील कोलोरॅडो पठारावर अनेक खाणी सुरू झाल्या. त्यांतील पुष्कळ नव्हाहो या आदिवासी लोकांच्या भूमीत होत्या. १९४४ ते १९८६ या काळात तेथून सुमारे ३ कोटी टन खनिज काढले गेले. मेंढपाळी करणाऱ्या या लोकांना घराजवळ पगाराचे काम मिळाले. स्फोट झाल्यावर धूळ बसण्यापूर्वीच ते आत शिरत. खाणीच्या भिंतींतून झिरपणारे पाणी पीत. धुळीने माखलेले कपडे तसेच घरी नेत आणि बायका ते हाताने धूत. खाणींत वायुवीजनाची सोय जवळजवळ नव्हती.

१९५० मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने या कामगारांचा अभ्यास आरंभिला. खाणींतील रेडॉन युरोपातील त्या कुप्रसिद्ध खाणींइतका किंवा त्याहूनही अधिक भरला. पंखे बसवा, हवा खेळती ठेवा, अशी शिफारस १९५२ मध्येच करण्यात आली. परंतु अभ्यासासाठी खाणीत प्रवेश मिळावा आणि कामगार काम सोडून जाऊ नयेत, म्हणून डॉक्टरांनी कामगारांना किरणोत्सर्गाच्या धोक्याविषयी काही सांगावयाचे नाही, असे ठरले. डॉक्टर येत, रक्त तपासीत, छातीची चित्रे घेत, आकडे लिहून नेत. कामगारास वाटे की सरकार आपल्या प्रकृतीची काळजी वाहते आहे. ज्या हवेत तो दिवसभर राबत होता तिच्यात काय आहे, ते कागदावर नोंदलेले होते. त्याला मात्र सांगितलेले नव्हते.

नव्हाहो भाषेत किरणोत्सर्गासाठी शब्दच नव्हता, असे पुढे अनेकांनी नमूद केले आहे. ते खरेच आहे. पण शब्द नसला तरी अर्थ सांगता येतो. 'या दगडातून एक विषारी वारा निघतो, तो छातीत बसतो, म्हणून पंखा लावल्याशिवाय आत जाऊ नका,' एवढे कोणत्याही भाषेत म्हणता आले असते. उणीव शब्दांची नव्हती. सांगण्याच्या इच्छेची होती.

१९६० नंतर मृत्यूंचे आकडे स्पष्ट बोलू लागले. १९६७ मध्ये अमेरिकेचे मजूरमंत्री विलर्ड विर्ट्झ यांनी खाणींतील हवेसाठी कडक मर्यादा जाहीर केली. म्हणजे शिफारशीपासून हुकमापर्यंत १५ वर्षे लोटली. १९८४ मध्ये जोनाथन सॅमेट व त्यांचे सहकारी यांनी एक साधी तुलना प्रसिद्ध केली. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ३२ नव्हाहो पुरुषांपैकी २३ जण युरेनियमच्या खाणींत काम केलेले होते; तुलनेसाठी घेतलेल्या अन्य नव्हाहो रुग्णांत असा एकही नव्हता. हे लोक तंबाखू फारशी ओढीत नसत, त्यामुळे दोष तंबाखूवर ढकलण्याचीही सोय नव्हती. १९९० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून या कामगारांची क्षमा मागितली व भरपाईची तरतूद केली. त्या कायद्याची मुदत जून २०२४ मध्ये संपली आणि जुलै २०२५ मध्ये तो पुन्हा अंमलात आणण्यात आला. नव्हाहो राष्ट्राने स्वतः २००५ मध्ये आपल्या भूमीत युरेनियमच्या खाणकामास बंदी केली. तरी ५०० हून अधिक बंद पडलेल्या खाणी तेथे मागे राहिल्या.

भरपाई मिळालेल्यांत विधवा पुष्कळ होत्या. अॅग्रिकोलाच्या काळातील सात नवऱ्यांच्या नोंदीची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

खाणीतून घरात

पुष्कळ काळ असे मानले जाई की, रेडॉन हा खाणकामगारांचाच प्रश्न आहे. स्वीडनमध्ये घरांतील रेडॉनचे मोजमाप १९५६ च्या सुमारास झाले होते. परंतु सर्वसाधारण जनतेचे लक्ष या गोष्टीकडे गेले ते एका विलक्षण घटनेमुळे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लिमरिक येथे अणुवीज केंद्राची उभारणी चालू होती. कामगारांच्या अंगावर किरणोत्सारी द्रव्य तर नाही ना, हे तपासणारी यंत्रे दारांशी बसविली होती. डिसेंबर १९८४ मध्ये स्टॅन्ली वॉट्रस नावाचे अभियंते तेथे गेले की ही यंत्रे वाजू लागत. केंद्र अद्याप सुरूच झालेले नव्हते, तेव्हा हे द्रव्य तेथले असणे शक्य नव्हते. अखेर त्यांच्या घराची तपासणी केली, तेव्हा तेथील हवेत दर घनमीटरला सुमारे एक लाख बेकरेल रेडॉन निघाला. खडकातील युरेनियममुळे ते राहते घरच खाणीहून वाईट झाले होते. कुटुंबाला घर सोडावे लागले. पुढे काही महिन्यांत जमिनीखाली नळ्या व पंखा बसवून वायू बाहेर काढण्यात आला आणि ते लोक त्याच घरात परत राहावयास आले.

या घटनेतील शेवटचे वाक्य मी मुद्दाम अधोरेखित करतो. इतक्या भयंकर प्रमाणातील रेडॉनही दूर करता आला. हा धोका असाध्य नाही.

त्यानंतर सरकारे हलली. १९८८ मध्ये कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने रेडॉनची गणना मानवास निश्चितपणे कर्करोगकारक अशा पदार्थांत केली. त्याच वर्षी अमेरिकेत घरांतील रेडॉन कमी करण्यासंबंधी कायदा झाला. ब्रिटनने कॉर्नवॉल व डेव्हन या ग्रॅनाइटच्या प्रदेशांत घरोघर मोजमापाची मोहीम चालविली, आणि १९९० मध्ये २०० बेकरेलच्या वर गेल्यास उपाय करावा असा दंडक घातला. स्वीडनमध्ये युरेनियमयुक्त शेलपासून बनविलेल्या निळसर काँक्रिटचे विटांसारखे ठोकळे १९२९ पासून घरांसाठी वापरले जात. त्यांचे उत्पादन १९७५ मध्ये बंद झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये मार्गदर्शिका प्रसिद्ध करून सांगितले की, घरातील रेडॉन शक्यतो १०० बेकरेलच्या आत असावा, आणि एखाद्या देशास ते जमण्यासारखे नसेल तर मर्यादा कोणत्याही परिस्थितीत ३०० च्या वर नेऊ नये.

धोका किती आणि कोणाला?

येथे आकडे नीट समजून घेतले पाहिजेत. नाहीतर निष्काळजीपणा तरी होतो, नाहीतर घबराट तरी. २००५ मध्ये सॅरा डार्बी व सहकाऱ्यांनी नऊ युरोपीय देशांतील १३ अभ्यास एकत्र करून ७,१४८ रुग्णांची माहिती तपासली. घरातील रेडॉन दर १०० बेकरेलने वाढला की फुप्फुसाच्या कर्करोगाचा संभव सुमारे शेकडा १६ ने वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

याचा व्यवहारातील अर्थ असा. ज्यांनी जन्मात तंबाखू ओढली नाही अशी हजार माणसे घेतली आणि त्यांच्या घरात रेडॉन मुळीच नाही असे मानले, तर वयाच्या ७५ वर्षांपर्यंत त्यांपैकी सुमारे ४ जणांना हा रोग गाठील. रेडॉन १०० बेकरेल असेल तर ५, आणि ४०० असेल तर ७ जणांना. आता सिगारेट ओढणारी हजार माणसे घ्या. रेडॉन नसतानाच हा आकडा सुमारे १०० आहे. १०० बेकरेलला तो १२० च्या आसपास जातो, आणि ४०० बेकरेलला १६० होतो.

या दोन रांगा शिक्षकांनी फळ्यावर लिहून दाखवाव्यात, अशी माझी विनंती आहे. त्यांतून दोन गोष्टी आपोआप कळतात. रेडॉनचा घाव ओढणाऱ्यावर न ओढणाऱ्याच्या सुमारे २५ पट मोठा बसतो. आणि ज्याला या रोगापासून स्वतःला वाचवावयाचे आहे, त्याने प्रथम ओठांतील विडी-सिगारेट काढावी. जमिनीखालच्या वायूची विचारपूस त्यानंतर करावी. तथापि न ओढणाऱ्यांच्या बाबतीतही पाश्चात्त्य देशांत रेडॉन हे या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण समजले जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजानुसार त्या देशात रेडॉनमुळे वर्षाला सुमारे २१,००० मृत्यू होतात, आणि त्यांपैकी सुमारे २,९०० मृत व्यक्तींनी कधीच धूम्रपान केलेले नसते.

मोजमाप आणि उपाय

रेडॉन घरात आहे किंवा नाही, हे मोजल्यावाचून कळत नाही. शेजारची दोन घरे एकाच खडकावर उभी असली तरी एकात तो थोडा आणि दुसऱ्यात पुष्कळ असू शकतो. कारण जोत्याची बांधणी, भेगा व हवेची ये-जा प्रत्येक घराची वेगळी असते. मोजण्याचे साधन मात्र फार सोपे आहे. चष्म्याच्या भिंगांसाठी जे प्लास्टिक वापरतात त्याचाच एक लहानसा तुकडा डबीत घालून खोलीत तीन महिने ठेवून देतात. अल्फा कण त्यावर सूक्ष्म ओरखडे उठवितात. पुढे तो तुकडा कॉस्टिक सोड्याच्या द्रावात ठेवला म्हणजे ओरखडे मोठे होतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. ना वीज लागते, ना आवाज होतो.

प्रमाण अधिक निघाल्यास मुख्य उपाय एकच. वायू घरात येण्यापूर्वीच त्याला दुसरी वाट करून द्यावयाची. फरशीला एक भोक पाडून तिच्या खालच्या खडीत नळी सोडतात, ती छपरापर्यंत नेतात, आणि तिला लहान पंखा बसवितात. पंखा जमिनीखालची हवा ओढून वर उंचावर सोडून देतो. जोडीला फरशीच्या भेगा बुजवितात. नव्या घरांना जोत्याखाली प्लास्टिकचा जाड पडदा अंथरला म्हणजे पुढचा खर्च पुष्कळसा वाचतो. थंड देशांत निव्वळ खिडक्या उघडून भागत नाही, कारण हिवाळ्यात त्या उघड्या ठेवणे शक्य नसते.

एवढे सोपे असूनही त्या देशांत अद्याप असंख्य घरांची मोजणी झालेली नाही. जे दिसत नाही व दुखत नाही त्यासाठी मनुष्य सहसा उठत नाही. म्हणूनच आपली मुले परदेशी असतील तर त्यांना पत्रात किंवा दूरध्वनीवर एक प्रश्न अवश्य विचारावा : 'घरातला रेडॉन मोजून घेतलास का?' विशेषतः तळघरात निजण्याची खोली असेल तर हा प्रश्न अधिकच अगत्याचा. महिना-दोन महिने तेथे पाहुणे म्हणून राहून आलेल्या वडीलधाऱ्यांनी मात्र धास्ती घेण्याचे कारण नाही. हा धोका दीर्घकाळच्या वास्तव्याचा आहे.

आपल्या घरांची स्थिती

आता आपल्या भूमीकडे वळू. खडकांत युरेनियमचे प्रमाण सारखे नसते. महाराष्ट्राचे पठार आणि इंदूरकडील माळवा ज्या काळ्या पाषाणाचे बनले आहेत त्या बेसाल्टमध्ये ते कमी असते. ग्रॅनाइटमध्ये अधिक असते. हैदराबादच्या भोवतालचे प्रचंड धोंडे ग्रॅनाइटचे आहेत. आपल्याकडे काणकोणच्या परिसरात ग्रॅनाइट आहे. गोव्याच्या पुष्कळ भागावर जांभ्या दगडाचा थर आहे. तथापि खडकावरून केवळ अंदाज बांधता येतो, निर्णय देता येत नाही. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी उघड्या असल्यामुळे तेथे रेडॉन कोंडून राहण्याची भीती नसते. तेथील प्रश्न धुळीचा आहे, आणि तो स्वतंत्रपणे महत्त्वाचा आहे.

आपली जुनी घरे या बाबतीत शहाणी होती. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर कौले, कौलांच्या सांध्यांतून हवेला सदैव वाट, समोरासमोर दारे-खिडक्या, मध्ये अंगण. अशा घरात वायू साचण्यास फारसा वाव नसे. आज आपण काँक्रिटचे छत घालतो, खिडक्यांना घट्ट काचा लावतो आणि वातानुकूलनासाठी खोली दिवसरात्र बंद ठेवतो. अशा बंद खोलीत रेडॉन असो वा नसो, धूर, ओल आणि क्षयाचे जंतू यांनाही आसरा मिळतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ समोरासमोरच्या खिडक्या उघडून घरातून वारा वाहू द्यावा, हा सल्ला कोणत्याही यंत्राची वाट न पाहता आज अंमलात आणता येतो. फरशीला भेगा पडल्या असतील तर त्या बुजवाव्यात. बंद तळघरात निजू नये.

रेडॉनचे नाव ऐकून खऱ्या मोठ्या शत्रूंकडे दुर्लक्ष होता कामा नये. पहिला शत्रू तंबाखू. गोव्याने १९९७ मध्येच सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास व थुंकण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र कायदा पोचत नाही, तेथे घरातील माणसांनीच बोलले पाहिजे. दुसरा शत्रू चुलीचा धूर. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे देशातील कोट्यवधी घरांत गॅस पोचला; तरी पाणी तापविण्यास, भात शिजविण्यास लाकडाची चूल अनेक ठिकाणी पेटते. ती पेटवावयाचीच असेल तर वर धुराडे असावे, आणि लहान मुलाला घेऊन तिच्यापुढे बसू नये. धूर जितका कमी, तितके रेडॉनच्या संततीला चिकटावयास कणही कमी.

आपले कर्तव्य

शेवटी माझ्या शासकीय सहकाऱ्यांसाठी दोन शब्द. नव्हाहो खाणकामगारांच्या बाबतीत मोजमाप चुकले नव्हते. अहवाल वेळेवर लिहिले गेले होते. शिफारसही योग्य होती. चुकले ते एवढेच की, ज्याच्या फुप्फुसाचा हा प्रश्न होता त्याला तो कळविणे हे आपले काम आहे, असे कोणाला वाटले नाही. आपणही गावोगाव विहिरींचे पाणी तपासतो, बालकांची वजने घेतो, छातीची चित्रे काढतो. त्या प्रत्येक नोंदीचा पहिला हक्कदार तो घरमालक, ती माता, तो कामगार आहे. कचेरीचा क्रमांक त्यानंतर. निष्कर्ष त्याला समजेल अशा भाषेत, शक्यतो त्याच्या घरी जाऊन, काय करावयाचे त्यासह सांगितला गेला तरच ते मोजमाप पुरे झाले असे समजावे. ते काम कोकणीत होवो, मराठीत होवो वा कानडीत, समजणे महत्त्वाचे.

ग्रामस्थांनाही माझे सांगणे आहे. तुमच्या घरात, शेतात किंवा शरीरावर कोणी काही मोजण्यास आले तर त्याचे स्वागत करा, आणि जाताना त्याला विचारा की, 'काय निघाले, आणि आता आम्ही काय करावे?' हा प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. उत्तर मिळेपर्यंत तो पुन्हा विचारावा. आणि शिक्षकांनी हा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना शाळेतच लावावी. पुस्तकातील रेडियम व पोलोनियम ही नावे पाठ करण्याइतकेच तेही विज्ञानाचे शिक्षण आहे.